गाडीतला स्टिरिओ: रेडिओ, पेनड्राइव्ह, फोन आणि मागचा स्क्रीन नीट कसा चालवायचा

नवीन गाडी आली किंवा जुन्या गाडीत मोठ्या स्क्रीनचा सेट बसवून घेतला, की पहिल्या आठ दिवसांत एक तक्रार हमखास येते: ‘मघाशी लागत होतं, आता आवाजच येत नाही.’ सेट बिघडलेला क्वचितच असतो. निवडलेला सोर्स भलताच असतो, नाहीतर फोनचा आवाज खाली असतो, नाहीतर कुणीतरी फेडर सरकवून सगळा आवाज मागच्या दारांकडे पाठवलेला असतो.

त्यामुळे काहीही अडलं की तीन गोष्टी याच क्रमाने बघा. आवाज कुठून येतोय, म्हणजे सोर्स कोणता. कोणत्या वाटेने येतोय: ब्लूटूथ, यूएसबी, ऑक्स (हेडफोनसारख्या पिनची आवाजाची केबल) की एचडीएमआय (चित्र आणि आवाज दोन्हींची केबल). आणि जातोय कुठे: पुढचे स्पीकर, मागचे स्पीकर की मागच्या सीटवरचे हेडफोन. दुकानात जाण्याआधी एवढं तपासलं तर निम्म्या फेऱ्या वाचतात.

चावी, बॅटरी आणि पहिली मिनिटं

चावी एका टप्प्यावर फिरवली की एसीसी (इंजिन न चालवता सेटसारख्या गोष्टींना मिळणारी वीज) चालू होतं आणि सेट जागा होतो. बटण-स्टार्ट गाडीत ब्रेकवर पाय न ठेवता बटण एकदाच दाबलं की हेच होतं. अँड्रॉइडवर चालणारे सेट रात्रभर बंद राहिले तर पूर्ण उघडायला अर्धा मिनिट सहज घेतात. तेवढ्यात स्क्रीनवर चार ठिकाणी टकटक केली, तर त्या सगळ्या आज्ञा नंतर एकदम अंमलात येतात आणि भलतंच काहीतरी उघडतं. थांबा.

इंजिन सुरू करताना सेट बंद पडून परत पहिल्यापासून उघडत असेल, तर दोष बहुधा सेटमध्ये नसतो. स्टार्टर मारताना व्होल्टेज फार खाली जातंय, म्हणजे बॅटरी थकली आहे किंवा टर्मिनलवर पांढरं साचलं आहे. इंजिन चालू असताना टर्मिनलवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळायला हवेत. मल्टीमीटर कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनकडे असतो, मोजून घ्या.

इंजिन बंद ठेवून किती वेळ गाणी ऐकायची? लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांच्या आसपास असते. मध्यम आवाजात सेट दोन-तीन अँपिअर घेतो, म्हणजे तासभर चाललं तर बिघडत नाही. पण सोबत हेडलाइट असतील तर ५५ वॉटचे दोन बल्ब मिळून नऊ अँपिअर जातात, ब्लोअरचे आणखी वेगळे. घरची मंडळी अक्कलकोटला दर्शनाला गेलीत आणि तुम्ही पार्किंगमध्ये मॅच लावून बसला आहात, तर दिवे आणि ब्लोअर बंद आहेत ना ते बघा. ॲम्प्लिफायर आणि सबवूफर असेल तर तासभराचा हिशोब विसरा.

सोलापूरचा उन्हाळा

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड त्याहून कितीतरी जास्त तापतो. बहुतेक सेट ६० अंशांपर्यंत चालतील असे बनवलेले असतात. त्याच्या वर गेलं की स्क्रीन मंद होतो, टच उशिरा लागतो, काही सेट उष्णतेचा इशारा देऊन आवाज कमी करतात. हे संरक्षण आहे, बिघाड नाही. काचा खाली करून दोन मिनिटं गरम हवा जाऊ द्या, मग एसी लावा, स्क्रीनजवळचे झरोके उघडे ठेवा. तेवढा वेळ फोन वायरलेस चार्जरवर ठेवू नका, तो आणखी तापतो आणि चार्जिंग बंद करतो.

गाडी दिवसभर उन्हात उभी राहणार असेल तर पुढच्या काचेला सनशेड लावा. सनशेड नसेल तर घरातली जुनी सोलापुरी चादर दुहेरी करून स्क्रीनसकट डॅशबोर्डवर टाकली तरी भागतं. निघताना मात्र ती काढून डिकीत टाका, स्टिअरिंगवर घसरायला नको. पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डही उन्हात लावून ठेवू नका.

धूळ पुसायला चष्म्याचं मऊ कापड घ्या. ओलं करायचंच असेल तर पाण्याने आणि थेंबभरच. काच पुसायचा स्प्रे थेट स्क्रीनवर मारला की तो कडेने आत उतरतो आणि नंतर टच आपोआप लागायला लागतो.

रेडिओ

सगळ्यात आधी सेटिंगमध्ये ‘एरिया’ किंवा ‘रीजन’ बघा. ते अमेरिकेवर असेल, आणि बाहेरून आलेल्या सेटमध्ये असतं, तर एफएम ०.२ मेगाहर्ट्झच्या टप्प्याने आणि एएम १० किलोहर्ट्झच्या टप्प्याने सरकतं. आपल्याकडे एफएम ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ आहे आणि मीडियम वेव्ह ९-९ किलोहर्ट्झच्या टप्प्याने, ५३१ पासून १६०२ पर्यंत. टप्पा चुकला की काही स्टेशनं दोन आकड्यांच्या मध्ये पडतात आणि शिट्टी किंवा खरखर येते. आशिया किंवा युरोप निवडा. बऱ्याच नव्या अँड्रॉइड सेटमध्ये एएम नसतंच, ते शोधत बसू नका.

स्टेशनं साठवायची पद्धत अशी:

१. बँड बटणाने एफएम १ वर या.
२. ‘ऑटो स्टोअर’ किंवा ‘बीएसएम’ दोन-तीन सेकंद दाबून धरा. जोरात लागणारी स्टेशनं आपोआप भरली जातात.
३. क्रम आवडला नाही तर हवं ते स्टेशन लावा आणि प्रीसेटचं बटण ‘बीप’ होईपर्यंत दाबून धरा. आधीचं पुसलं जातं.
४. एफएम २ मध्ये दुसऱ्या गावाची स्टेशनं भरा. पुण्याला नेहमी जाणं असेल तर पुण्यात पोचल्यावर एफएम २ वर ऑटो स्टोअर करा. एफएम १ मधलं सोलापूर तसंच राहतं.

शोधताना सेट एकाही स्टेशनवर थांबत नसेल तर ‘लोकल’ चालू राहिलं असेल. त्यात फक्त जवळची, जोरकस स्टेशनं लागतात. ते बंद करा. उलट शहरात एकाच स्टेशनवर दुसरं चढत असेल तर लोकल चालू करा. मोहोळ-टेंभुर्णीकडे जाताना आवाज फाटायला लागला की ‘मोनो’ करून बघा. स्टिरिओची रुंदी जाते, पण खरखर बरीच कमी होते. विजापूर रस्त्याला कन्नड स्टेशनं लागायला लागली तर सेटचा दोष काढू नका.

नवीन सेट बसवल्यावर एफएम एकदम कमजोर झालं, तर कारण जवळजवळ ठरलेलं. काचेतल्या किंवा छतावरच्या बऱ्याच अँटेनांमध्ये छोटा बूस्टर असतो. सेटच्या मागची निळी वायर त्याला १२ व्होल्ट देते. बसवणाऱ्याने ती जोडली नसेल तर शहराच्या मध्यातही स्टेशन नीट लागत नाही. दुकानात ‘एफएम येत नाही’ म्हणू नका, ‘अँटेनाची निळी वायर बघा’ म्हणा. आणि तेवढ्यात स्वस्तातला मोबाइल चार्जर किंवा डॅशकॅम काढून बघा, त्यांच्यामुळेही खरखर येते.

पेनड्राइव्ह

फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला ३२ जीबीचा पेनड्राइव्ह जवळजवळ प्रत्येक सेटवर चालतो. एनटीएफएस अनेक सेट वाचत नाहीत, एक्सफॅट काही वाचतात, काही नाही. फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही, म्हणून मोठा पिक्चर कॉपी होताना अडतो.

डॅशबोर्डवर दोन पोर्ट असतील तर दोन्हींवर गाणी लागतीलच असं नाही. विजेची खूण असलेला पोर्ट बहुतेक फक्त चार्जिंगचा असतो. ‘नो डिव्हाइस’ दिसलं की आधी पोर्ट बदला.

गाणी फोल्डरमध्ये ठेवा, सगळी एका ढिगात नको. अनेक सेट फाइल कॉपी झाली त्या क्रमाने वाजवतात, नावाच्या क्रमाने नाही. नावापुढे ०१, ०२ लावा, पेनड्राइव्ह पूर्ण रिकामा करा आणि एकेक फोल्डर क्रमाने टाका. गाण्यांची नावं चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसत असतील तर सेटमध्ये देवनागरी अक्षरं नाहीत. फाइल चांगली असते, नाव रोमन लिपीत लिहिलं की दिसतं.

एमपी३ सगळीकडे चालतं. व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज म्हणून आलेलं भजन मात्र बहुतेक सेट वाजवत नाहीत, कारण त्याचा फॉरमॅट ‘ओपस’ असतो. कॉम्प्युटरवर एमपी३ करून घ्या. पेनड्राइव्ह काढताना आधी दुसऱ्या सोर्सवर जा, मग ओढा. वाचत असताना ओढला की कधीतरी सगळी यादीच उडते.

फोन

ब्लूटूथ जोडणं सोपं आहे, गोंधळ दुसऱ्या फोनपासून सुरू होतो.

१. गाडी उभी करा. बरेच सेट चालत्या गाडीत नवीन फोन जोडू देत नाहीत.
२. सेटवर ब्लूटूथमध्ये जाऊन नवीन डिव्हाइस निवडा, फोनवर ब्लूटूथ उघडून सेटचं नाव शोधा.
३. दोन्हीकडे दिसणारा आकडा सारखा आहे ना बघून मान्य करा. जुन्या सेटला पिन लागतो, तो बहुधा ०००० किंवा १२३४.
४. संपर्क वाचायची परवानगी विचारली जाते. नाकारली तर फोन कुणाचा आलाय ते दिसणार नाही, फक्त नंबर दिसेल.
५. फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये ‘कॉल’ आणि ‘मीडिया ऑडिओ’ दोन्ही चालू आहेत ना बघा. कॉल लागतो पण गाणी नाहीत, याचं कारण इथेच असतं.

फोनचा आवाज नव्वद टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि कमी-जास्त सेटवरून करा. फोन अर्ध्यावर आणि सेट पूर्ण वर असला की सोबत सूंऽऽ आवाज येतो, आणि त्याच आवाजात रेडिओवर गेलात तर कानठळ्या बसतात.

घरात तीन फोन जोडलेले असतील तर सेट शेवटी जोडलेला किंवा यादीत वरचा फोन आधी पकडतो. म्हणून तुम्ही गाडी सुरू करता आणि गाणी घरातल्या दुसऱ्याच्या फोनवरची लागतात. ज्याचा फोन हवा त्याला यादीत वर किंवा ‘प्रायॉरिटी’ वर टाका. बिनसलेलं जोडकाम सुधारायचं तर सेट आणि फोन दोन्हीकडून नाव पुसा. एकीकडूनच पुसलं तर परत जोडताना अडतं.

एक गोष्ट मॅन्युअलमध्ये असते, पण कुणी सांगत नाही: आवाजाचं बटण त्या क्षणी जे वाजतंय त्याचाच आवाज बदलतं. कॉलचा आवाज कॉल चालू असतानाच वाढवा. नेव्हिगेशन सांगणारी बाई फार मोठ्याने बोलते, तर ती बोलत असतानाच कमी करा. गाणं वाजताना कितीही फिरवलं तरी तिचा आवाज तसाच राहतो. समोरचा ‘माझाच आवाज परत ऐकू येतो’ म्हणाला, तर तुमच्याकडचा कॉलचा आवाज कमी करा, माइकवर एसीची हवा येत नाही ना ते बघा.

फोनची ॲप गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारे अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले केबलने लावायचे तर केबल डेटाची हवी. बाजारातल्या कित्येक स्वस्त केबल फक्त चार्जिंगच्या असतात: फोन चार्ज होतो, स्क्रीनवर काही येत नाही. खड्ड्यात गाडी आदळली की तुटतं, म्हणजे केबल किंवा फोनचं भोक सैल आहे. भोकात खिशातला कापूस-धूळ साचते, फोन बंद करून लाकडी काडीने हळूच काढा. वायरलेसमध्ये ओळख ब्लूटूथने होते आणि पुढचं काम वाय-फायवर चालतं, म्हणून फोनचं वाय-फाय बंद ठेवलं तर जोडलं जाणार नाही.

फोन हातात धरून हे काही करायचं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये गाडी चालवताना हातातला फोन वापरणं धोकादायक वाहन चालवण्यातच मोडतं.

व्हिडिओ आणि मागचा स्क्रीन

पुढच्या स्क्रीनवर व्हिडिओ फक्त गाडी उभी आणि हँडब्रेक ओढलेला असताना दिसतो. त्यासाठी सेटची एक वायर हँडब्रेकच्या स्विचला जाते. ती थेट बॉडीला लावून ‘कायम चालू’ करून देणारे मिळतात. करून घेऊ नका. पुणे हायवेवर शंभरच्या वेगात एक सेकंद नजर हलली तर गाडी अठ्ठावीस मीटर पुढे गेलेली असते.

आवाज येतो, चित्र नाही: पेनड्राइव्हच्या बाबतीत याचं कारण बहुतेक वेळा एच.२६५, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत. नावामागे एमपी४ आहे म्हणजे चालेलच असं नाही. ती फक्त पेटी, आतला माल वेगळ्या पद्धतीचा असू शकतो. एच.२६४ आणि ७२० किंवा १०८० रिझोल्यूशनमध्ये बदलून घ्या. आयफोनवर घेतलेले लग्नाचे व्हिडिओ लावायचे असतील तर कॅमेऱ्याच्या फॉरमॅट सेटिंगमध्ये ‘मोस्ट कंपॅटिबल’ आधीच निवडून ठेवा.

फोनचा स्क्रीन एचडीएमआयने दाखवायचा बेत असेल तर आधी फोन तपासा. टाइप-सी भोक असलं तरी त्यातून चित्र बाहेर येण्यासाठी डिस्प्लेपोर्टची सोय लागते, आणि स्वस्त-मध्यम फोनमध्ये ती बहुधा नसते. ॲडॉप्टरवर पैसे घालवण्याआधी बघा. ओटीटीच्या ॲपमध्ये आवाज येतो आणि स्क्रीन काळा राहतो, ते कॉपी रोखण्याच्या कुलपामुळे. त्याला सेट काही करू शकत नाही.

जुन्या पद्धतीच्या ३.५ मिमी एव्ही इनपुटला चार कड्यांची पिन लागते. कोणत्या कडीवर चित्र आणि कोणत्यावर अर्थिंग, हे कंपनीगणिक बदलतं, त्यामुळे केबल बसते पण चित्राऐवजी भुणभुण येते. सेटच्या कंपनीचीच केबल घ्या. चित्र काळं-पांढरं दिसलं किंवा वर-खाली धावलं तर सेटिंगमध्ये चित्राची पद्धत ‘पाल’ करा, अमेरिकेतली ‘एनटीएससी’ राहिली असेल.

मागच्या सीटसाठी वेगळा सोर्स द्यायची सोय, म्हणजे ड्युअल झोन किंवा ‘रिअर सोर्स’, असली तर क्रम हा: आधी मागचा स्क्रीन चालू करा, मग सेटवर रिअर सोर्समध्ये यूएसबी किंवा एचडीएमआय निवडा, शेवटी पुढचा सोर्स रेडिओ करा. ब्लूटूथ, कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो बहुतेक सेटवर मागे पाठवता येत नाहीत. मागचा आवाज हेडफोनमध्येच येतो, कारण दारांतले स्पीकर पुढच्या सोर्सचे असतात. इन्फ्रारेड हेडफोनवर ए आणि बी असा स्विच असतो. स्क्रीनशी जुळला नाही तर शांतता. कडक उन्हात खिडकीशी बसलेल्या मुलाला त्यात खरखर येते, त्याला मधल्या जागी बसवा किंवा वायरचा हेडफोन द्या.

आवाज बसवणं

आधी सगळं शून्यावर आणा: बास, ट्रेबल, इक्वलायझर, लाउडनेस बंद, फेडर (पुढे-मागे वाटणी) आणि बॅलन्स (डावी-उजवी वाटणी) मध्यावर. रोज ऐकता ते गाणं लावा. फेडर एक-दोन घर पुढे सरकवा, चित्र समोर असताना आवाज पाठीमागून आला तर कानाला खटकतं.

सेटच्या खोक्यावर ५० वॉट गुणिले ४ लिहिलेलं असतं. तो कमाल आकडा. सतत मिळणारी ताकद साधारण २० वॉटच्या आसपास. त्यामुळे आवाजाच्या शेवटच्या चतुर्थांशात फाटणं सुरू होतं आणि ट्वीटर त्यातच जळतात. इक्वलायझरवर एखादी पट्टी ६ डेसिबलने वाढवली की त्या पट्टीला चौपट ताकद लागते. म्हणून वाढवण्यापेक्षा कमी करायला शिका. गायकाचा आवाज दबतोय? १०० ते २०० हर्ट्झ दोन डेसिबल खाली आणा.

सबवूफर असेल तर दारांच्या स्पीकरला हाय-पास (त्याखालचा आवाज अडवणारी गाळणी) ८० हर्ट्झवर, सबला लो-पास (त्यावरचा आवाज अडवणारी) ८० वर. सब नसेल तर हाय-पास ५०-६० वर ठेवा. दारं थरथरणं बंद होतं आणि आवाज वाढवायला जागा मिळते.

टाइम अलाइनमेंटमध्ये सेट प्रत्येक स्पीकरचं अंतर विचारतो. टेपने स्वतःच्या कानापासून मोजा. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. उजवं दार ९० सेंटिमीटरवर आणि डावं १३० वर असेल तर उजवा स्पीकर सव्वा मिलिसेकंदाच्या आसपास मागे धरला जातो आणि गायक समोर डॅशबोर्डच्या मध्यावर येतो. चालक एकटा असेल तरच हे वापरा. कुटुंब बसलं की बंद केलेलं बरं.

शेवटी ‘सोर्स लेव्हल’. एफएम मूळ धरा, त्याच्या तुलनेत ब्लूटूथ आणि यूएसबी वर-खाली करा. हे केलं की सोर्स बदलताना दचकायला होत नाही.

बिघाड आणि त्यांची कारणं

चावी बंद केली की स्टेशनं, घड्याळ, सगळं पुसलं जातं: पिवळी वायर कायम १२ व्होल्टला आणि लाल एसीसीला हवी, त्या उलट्या बसल्या आहेत. कपलरवर दोन वायर बदलल्या की झालं.

ॲक्सिलरेटरबरोबर चढत जाणारी शिट्टी म्हणजे अल्टरनेटरचा, इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा, आवाज. ऑक्स केबल लावून फोन त्याच गाडीत चार्ज करत असाल तर आधी चार्जर काढा. शिट्टी गेली तर अर्थिंगचा लूप (दोन वाटांनी जोडलेलं अर्थिंग) होता, ब्लूटूथ वापरा. नाही गेली तर ॲम्प्लिफायरची आरसीए केबल (सेटचा आवाज तिथे नेणारी) बॅटरीच्या वायरला लागून ओढली आहे का बघा. एक डाव्या बाजूने, दुसरी उजव्या बाजूने गेली पाहिजे.

स्क्रीनवर ‘प्रोटेक्ट’ आलं म्हणजे स्पीकरची एखादी वायर उघडी पडून बॉडीला टेकली आहे, बहुतेक वेळा दाराच्या बिजागरीपाशी. रिव्हर्स टाकल्यावर काळा किंवा पट्ट्यापट्ट्यांचा स्क्रीन दिसला तर कॅमेरा एएचडीचा (जास्त स्पष्ट चित्राचा) आणि सेटिंग सीव्हीबीएसचं (जुन्या साध्या चित्राचं), किंवा उलट. चित्र डावं-उजवं उलटं दिसत असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं मिरर बदला.

फ्यूज सेटच्या पाठीमागेच असतो, १० किंवा १५ अँपिअरचा. गेला तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. परत लगेच गेला तर कुठेतरी शॉर्ट आहे. मोठा फ्यूज किंवा तार टाकली तर पुढच्या वेळी वायरिंग जळतं.

सेट पूर्ण अडकला तर पुढच्या बाजूला बारीक भोक असतं, त्यात पिन घालून रिसेट दाबा. काही सेटवर याने प्रीसेट आणि जोडलेले फोन पुसले जातात. बॅटरी बदलायची असेल आणि सेट कंपनी फिटेड असेल, तर आधी सर्व्हिस सेंटरमधून त्याचा अँटी-थेफ्ट कोड घेऊन गाडीच्या पुस्तकात लिहून ठेवा. बॅटरीची वायर काढली की काही सेट तोच कोड मागतात, आणि चुकीचा कोड सलग काही वेळा टाकला की तासन्‌तास कुलूप लागतं.